‘इद्दतीच्या आत’ की ‘इद्दतीपुरतं’? कोर्टाचा निकाल शोधायचा आणि वाचायचा कसा

तलाक झाला, इद्दत संपली, आता नवऱ्याकडे मागण्यासारखं काही उरलं नाही. आपल्या मोहल्ल्यांत, जमातीच्या बैठकांत हे वाक्य आजही इतक्या ठामपणे बोललं जातं की मुलीचे वडील पुढे काही विचारतच नाहीत. ‘शाहबानोनंतर कायदा बदलला ना, आता तीन महिन्यांचंच मिळतं,’ असं कुणीतरी वरून सांगतो. दुसऱ्या बाजूला व्हॉट्सअॅपवर ‘सुप्रीम कोर्टाने शरीयत रद्द केली’ असा मेसेज फिरत असतो. हे सांगणाऱ्यांना आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एकच प्रश्न विचारून बघा: निकाल वाचलाय का? कुठला, कोणत्या सालचा, किती न्यायाधीशांचा?

बहुतेकांनी वाचलेला नसतो. त्यात त्यांचा फार दोष नाही. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, निकाल लांबलचक असतात, आणि ते वाचायचे कसे हे शाळेत कुणी शिकवत नाही. पण आता हे निकाल मोफत मिळतात, मोबाइलवर मिळतात. ज्या घरात एखादा बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराने ‘कुणीतरी म्हणालं’ यावर पोटगीचा निर्णय घेण्याची गरज नाही.

नजीर म्हणजे काय

उर्दू वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना ‘नजीर’ हा शब्द माहीत असेल. आधी दिलेल्या ज्या निर्णयाचा दाखला पुढच्या प्रकरणात दिला जातो, ती नजीर. वकील मंडळी त्याला ‘रुलिंग’ किंवा ‘सायटेशन’ म्हणतात, आणि अशा सगळ्या निर्णयांतून जो कायदा तयार होतो त्याला ‘केस लॉ’.

संसद कायदा करते तेव्हा दोन-चार ओळींचं कलम लिहिते. त्या ओळींचा नेमका अर्थ काय, यावर भांडण झालं की कोर्ट अर्थ लावतं, आणि तो अर्थ पुढच्या प्रकरणांना लागू होतो. म्हणून नुसतं कलम वाचून भागत नाही. संविधानाच्या १४१व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय, मग तो मुंबईत झालेला असो, नागपुरात किंवा औरंगाबाद खंडपीठात, महाराष्ट्रातल्या खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागतो. केरळ किंवा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्याकडे मार्गदर्शक म्हणून दाखवता येतो, पण आपली कोर्टं त्याला बांधलेली नसतात. आणि शेजारच्या गल्लीतल्या बाईला तालुका कोर्टाने जे दिलं, ते त्या दोघांपुरतं. त्याची नजीर होत नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. किती न्यायाधीश बसले होते, हे मोजायचं. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांनी सांगितलेलं दोन न्यायाधीश मोडू शकत नाहीत. उच्च न्यायालयातही एकल न्यायाधीशापेक्षा दोघांचं खंडपीठ मोठं, आणि खंडपीठापेक्षा पूर्णपीठ.

एका शब्दाने काय होतं

हे सगळं कोरडं वाटेल म्हणून इद्दत आणि पोटगीचीच साखळी बघू. केस लॉ कसा तयार होतो हे यापेक्षा चांगलं दुसऱ्या कशातून दिसत नाही.

इंदूरच्या शाहबानो बेगम यांचं लग्न १९३२ चं. नवरा वकील. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढलं गेलं, १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला, आणि अर्ज चालू असतानाच नवऱ्याने तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये मंजूर केले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा अपिलात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अपील फेटाळलं आणि सांगितलं की कलम १२५ सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही.

पुढचा गदारोळ सर्वांना माहीत आहे. १९८६ मध्ये संसदेने मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचं संरक्षण) कायदा केला. ‘कायदा बदलला’ असं लोक म्हणतात तो हाच. या कायद्याचं कलम ३ म्हणतं की तलाकशुदा स्त्रीला वाजवी आणि न्याय्य तरतूद व पोटगी इद्दतीच्या आत करून दिली जावी.

आता या ‘आत’ शब्दावर थांबा. वर्गात व्याकरण शिकवताना मुलांना हेच सांगावं लागतं की शब्दयोगी अव्यय बदललं की वाक्य बदलतं. ‘फी ३० जूनच्या आत भरा’ याचा अर्थ फी ३० जूनपर्यंतचीच आहे असा होत नाही. फी पूर्ण वर्षाची असते, फक्त भरायची मुदत ३० जून. उर्दूत ‘इद्दत के अंदर’ आणि ‘इद्दत तक’ यांत जो फरक, तोच इथे. नवऱ्याने तरतूद करायची मुदत इद्दत संपेपर्यंत आहे, की तरतूदच इद्दतीपुरती आहे?

या एका शब्दावर देशातल्या उच्च न्यायालयांत पंधरा वर्षं मतभेद होते. केरळ आणि गुजरातच्या उच्च न्यायालयांनी १९८८ मध्येच सांगितलं की तरतूद स्त्रीच्या पुढच्या आयुष्यासाठी आहे, ती फक्त इद्दतीच्या मुदतीत करून द्यायची आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९० मध्ये उलट अर्थ लावला: जबाबदारी इद्दतीपुरतीच. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर हा प्रश्न करीम अब्दुल रहमान शेख विरुद्ध शहनाज करीम शेख या प्रकरणात आला आणि २००० साली त्यांनी पहिल्या बाजूने कौल दिला.

शेवटी २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी दानियल लतीफी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात वाद मिटवला. दानियल लतीफी हे शाहबानो यांचेच वकील. १९८६ चा कायदा घटनाबाह्य ठरवा, अशी याचिकाकर्त्यांची मागणी होती. कोर्टाने कायदा रद्द केला नाही, कायम ठेवला, पण त्याचा अर्थ असा लावला: ‘आत’ म्हणजे मुदत. तरतूद इद्दतीत करायची, पण ती स्त्रीच्या भविष्याचा विचार करून करायची. नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरती मर्यादित नाही. आणि इद्दतीनंतर तिने दुसरं लग्न केलं नसेल आणि तिला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर कलम ४ खाली वारसा मिळू शकणारे नातेवाईक, आणि तेही देऊ शकत नसतील तर वक्फ बोर्ड, यांनाही दंडाधिकारी आदेश देऊ शकतात.

म्हणजे ‘शाहबानोनंतर कायदा बदलला’ हे वाक्य खरं आहे, पण १९८६ वर थांबणारं आहे. त्यानंतरची २००१ ची पायरी सांगणारा सोडून देतो. आंध्रचा १९९० चा निकाल आजही इंटरनेटवर शोधला की सापडतो, त्यावर लाल शाईने ‘आता लागू नाही’ असं कुणी लिहिलेलं नसतं. तो छापून कुणी बैठकीत समोर ठेवला तर कागद खोटा नसतो, फक्त त्यातला कायदा २००१ मध्ये संपलेला असतो.

साखळी पुढे चालूच आहे. २००९ च्या शबाना बानो विरुद्ध इम्रान खान या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्री, दुसरं लग्न करत नाही तोवर, इद्दतीनंतरही कलम १२५ खाली कौटुंबिक न्यायालयात मागणी करू शकते. आणि १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी ते अजून स्पष्ट केलं: मुस्लिम कायद्यानुसार लग्न आणि तलाक झालेल्या स्त्रीसमोर दोन्ही रस्ते खुले आहेत, कलम १२५ आणि १९८६ चा कायदा. एक निवडायचा की दोन्ही, ही निवड तिची. एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्यात विचारात घेतली जाते.

या निकालाने शरीयत रद्द झाली का? निकालाच्या शेवटी जे निष्कर्ष दिले आहेत, त्यात निकाह, तलाक, मेहर यांतलं काही रद्द केल्याचं एक वाक्यही नाही. प्रश्न एवढाच होता की १९८६ चा कायदा आल्यामुळे कलम १२५ चा दरवाजा बंद झाला का. उत्तर आलं, नाही. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने त्याच महिन्यात ठराव करून या निकालाला विरोध केला. ज्यांना ती भूमिका पटते त्यांनीही निकाल वाचावा, कारण विरोध कशाला आहे हे न वाचता कळत नाही.

निकाल कुठून वाचायला सुरुवात करायची

इंग्रजी येत असलं तरी पहिल्यांदा निकाल उघडणारे बहुतेक जण दोन-तीन ठिकाणी फसतात.

पहिली फसगत सर्वात जास्त होते. निकालात कोर्ट आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहितं. नवऱ्याच्या वकिलाने काय युक्तिवाद केला याची पानंच्या पानं असतात. त्यातला एक परिच्छेद कापून ‘बघा, सुप्रीम कोर्ट म्हणतंय’ असा स्क्रीनशॉट फिरतो. ‘असा युक्तिवाद करण्यात आला’, ‘अपीलकर्त्याचं म्हणणं असं’ अशी सुरुवात असलेला परिच्छेद म्हणजे वकिलाचं बोलणं, कोर्टाचं नव्हे. कोर्टाचं मत त्यानंतर येतं, आणि प्रत्यक्ष आदेश अगदी शेवटी. म्हणून शेवटची दोन पानं आधी वाचा. मग मागे या.

दुसरी फसगत तिहेरी तलाकच्या निकालाने चांगली दिसते. शायरा बानो विरुद्ध भारत सरकार, २२ ऑगस्ट २०१७. निकाल ३९५ पानांचा. तो उघडला की सर्वात आधी तेव्हाचे सरन्यायाधीश खेहर यांचं मत येतं, न्यायमूर्ती नझीर त्यांच्यासोबत. निम्म्याहून जास्त पानं याच मताची आहेत. कुणी तेवढंच वाचलं तर त्याला वाटेल की कोर्टाने तलाक-ए-बिद्दतला हातच लावला नाही आणि विषय संसदेवर सोडला. पण ते दोघांचं, म्हणजे अल्पमत आहे! न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचं मत आणि न्यायमूर्ती नरिमन व लळित यांचं मत नंतर येतं, आणि शेवटच्या पानावर पाचही जणांच्या सहीचा छोटा आदेश आहे: तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द. तलाक-ए-अहसन आणि तलाक-ए-हसन या निकालाने रद्द झालेले नाहीत. हे लोक अजूनही एकमेकांना चुकीचं सांगतात, दोन्ही बाजूंनी.

तिसरी गोष्ट जरा बारकाईची. निकालातलं प्रत्येक वाक्य नजीर नसतं. ज्या प्रश्नावर वाद होता, त्याचं उत्तर आणि त्या उत्तराला लागलेलं कारण, तेवढंच पुढच्यांना बांधतं. वकील त्याला ‘रेशो’ म्हणतात. ओघात केलेली बाकीची टिप्पणी म्हणजे ‘ऑबिटर’. शाहबानो निकालात कोर्टाने समान नागरी कायद्याबद्दल जे बोललं, ते ओघातलं होतं. पोटगी द्यायची की नाही हे ठरवायला त्याची गरज नव्हती. पण लोकांच्या लक्षात राहिलं तेच, आणि जो खरा निर्णय होता तो बाजूला पडला. चाळीस वर्षांनंतरही शाहबानो म्हटलं की समान नागरी कायदा आठवतो, महिना १७९ रुपये आठवत नाहीत.

छापील रिपोर्टमध्ये निकालाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात सारांश असतो, त्याला हेडनोट म्हणतात. वाचायला सोपी, पण ती संपादकांनी लिहिलेली असते. कोर्टात हेडनोटचा दाखला चालत नाही, मूळ परिच्छेदाचा द्यावा लागतो.

एकाच निकालाचे चार पत्ते

वकिलाच्या कागदावर ‘(२००१) ७ एससीसी ७४०’ असं लिहिलेलं असतं. हा निकालाचा पत्ता आहे. साल २००१, सुप्रीम कोर्ट केसेस या मालिकेचा खंड ७, पान ७४०. तोच दानियल लतीफी निकाल ‘एआयआर २००१ एससी ३९५८’ या पत्त्यावरही आहे, कारण ऑल इंडिया रिपोर्टर ही वेगळी मालिका आहे. ती आपल्या नागपुरातून निघते, हे अनेकांना माहीत नसतं. शाहबानो म्हणजे ‘एआयआर १९८५ एससी ९४५’. दोन वेगळे आकडे पाहून लोकांना दोन वेगळे निकाल वाटतात. आधी पक्षकारांची नावं आणि तारीख ताडून बघा.

हा गोंधळ कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून निकालांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली. ‘२०२४ आयएनएससी ५०६’ म्हणजे २०२४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा ५०६ क्रमांकाचा निकाल, अब्दुल समद यांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात सालानंतर ‘बीएचसी’ येतं आणि पुढे ‘एएस’, ‘एनएजी’ किंवा ‘एयूजी’ अशी अक्षरं. ती अनुक्रमे मुंबईची अपील शाखा, नागपूर आणि औरंगाबाद यांची. हा क्रमांक असलेला निकाल कोणत्या पुस्तकात छापला आहे याची चिंता करावी लागत नाही.

शोधायचं कुठे

सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत छापील रिपोर्ट, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, आता ‘डिजिटल एससीआर’ या सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत, १९५० पासूनचे. पक्षकाराचं नाव, साल, कलम किंवा एखादा शब्द टाकून शोधता येतं. काही निकालांचं मराठी भाषांतरही तिथे मिळतं, उर्दूतलंही. भाषांतर समजून घेण्यासाठी वापरा. कोर्टात मान्य असतो तो इंग्रजी मजकूर, हे त्या भाषांतरावरच लिहिलेलं असतं. भाषांतराचं काही काम संगणकाकडून होतं, त्यामुळे कधीकधी वाक्य अडखळतं. तिथे इंग्रजी परिच्छेद शेजारी उघडून ठेवावा.

उच्च न्यायालयांसाठी ई-कोर्ट्सचं ‘जजमेंट्स’ नावाचं शोध-पान आहे. त्यात सर्व उच्च न्यायालयांचे निकाल शब्द टाकून शोधता येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर केस क्रमांक किंवा पक्षकाराच्या नावाने आदेश मिळतो. जिल्हा आणि तालुका कोर्टातली आपली स्वतःची केस बघायची असेल तर ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे अॅप. त्यात सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि केसची स्थिती दिसते. दर तारखेला फक्त ‘पुढची तारीख काय’ हे विचारायला रोजगार बुडवून कोर्टात जाणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्या मुलांनी एवढं तरी करून द्यावं.

‘इंडियन कानून’ हे खासगी संकेतस्थळही लोक खूप वापरतात, आणि ते उपयोगाचं आहे, कारण एखादा निकाल पुढे कोणकोणत्या निकालांत आला त्याची यादी तिथे मिळते. ती यादी फार महत्त्वाची. नजीर अजून जिवंत आहे का, हे त्यातूनच कळतं. नंतरच्या मोठ्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला असेल, किंवा ‘इथली परिस्थिती वेगळी आहे’ म्हणून बाजूला ठेवला असेल. उच्च न्यायालयाचा निकाल असेल तर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आहे का, तेही बघावं लागतं.

शोधताना आपल्या नावांची एक अडचण येते. शेख हे नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं, मोहम्मद तर कुठे पूर्ण, कुठे फक्त तीन-चार अक्षरांत. एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणजे निकाल नाही असं समजू नका. नावाऐवजी विषयाचे शब्द टाका: मेंटेनन्स, इद्दत, डिव्होर्स्ड मुस्लिम वुमन. आणि एक नवी गोष्ट लक्षात असू द्या. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुनं कलम १२५ आता कलम १४४ झालं. जुने निकाल १२५ टाकून मिळतील, नवे १४४ टाकून.

शोधात ‘मुस्लिम’ हा शब्द टाकलाच पाहिजे असंही नाही. रजनीश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका हिंदू जोडप्याचा आहे. पण पोटगीच्या प्रत्येक अर्जदाराने वाचावा असा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, कमाई आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. ‘माझा पगार कमी आहे’ असं नुसतं तोंडी सांगून आता सुटता येत नाही. हे खाली बसलेल्या प्रत्येक कोर्टाला लागू आहे.

तसंच ‘मी तिला आधीच तलाक दिलाय’ या उत्तराचं. बायकोने पोटगी मागितली की नवरा लेखी जबाबात कधीतरी जुनी तारीख टाकून तलाक दिल्याचं लिहितो. औरंगाबाद खंडपीठात मे २००२ मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की नुसतं असं लिहिल्याने तलाक सिद्ध होत नाही, तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा प्रकरणात तेच म्हटलं. त्यातल्या नवऱ्याने १९९० च्या जबाबात १९८७ चा तलाक लिहिला होता.

चॅटबॉटला विचारलं तर?

आजची मुलं शोधत नाहीत, मोबाइलमधल्या एआयला विचारतात. समजून घ्यायला हरकत नाही, पण त्याने दिलेला सायटेशन कधीच तसाच उचलू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड केला होता, कारण चॅटजीपीटीने दिलेले निकाल त्यांनी कोर्टात सादर केले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. नावं, आकडे, सगळं खरं वाटणारं. म्हणून नियम साधा ठेवा: जो निकाल सरकारी संकेतस्थळावर तुमच्या डोळ्यांना दिसला नाही, तो निकाल नाही.

निकाल हातात आला, मग?

तो घेऊन स्वतःच कोर्टात भाषण करायला जाऊ नये. आपल्या केसची परिस्थिती निकालातल्या परिस्थितीशी जुळते का, हे वकीलच नीट सांगू शकतो. पण वकिलाकडे जाताना ‘साहेब, काहीतरी होतं का बघा’ असं म्हणणं आणि ‘दानियल लतीफी आणि अब्दुल समद आपल्याला लागू होतील का’ असं विचारणं, यात खूप फरक पडतो. जमातीच्या बैठकीतही पडतो. तडजोड करायची तर करावी, अनेकदा तीच बरी असते, पण आपला हक्क किती आहे हे माहीत असताना केलेली तडजोड वेगळी.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आणि पोटगीचा आदेश झाला की त्याची नक्कल, ज्या बाईच्या बाजूने आदेश झाला तिला, मोफत द्यायची आहे. जुन्या संहितेत कलम १२८, नव्या संहितेत कलम १४७. ही नक्कल घरात जपून ठेवा, कारण नवऱ्याने पैसे थांबवले तर तो जिथे राहायला गेला असेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडूनही तिच्यावर वसुली करता येते. नक्कल मागताना केस क्रमांक, आदेशाची तारीख आणि दोन्ही पक्षांची नावं लिहावी लागतात. नावं कोर्टाच्या कागदावर आहेत तशीच लिहा, आधार कार्डावर ‘शेख’चं स्पेलिंग वेगळं असलं तरी.